गार घाम

नारिन गावातल्या वाफेच्या न्हाणीघरात बायकांची बाजू बुरुलचानं बावीस वर्षं सांभाळली. तापलेले दगड, वाफ आणि दिवसभर बायकांचा घाम. घामाशी तिची इतकी ओळख, की कोण तापातून उठलीय आणि कोण रडून आलीय, हे ती वासावरून सांगे. पण त्या हिवाळ्यात तिच्या स्वतःच्या अंथरुणात जो घाम येऊ लागला, तो तिला परका वाटला. तो गार होता.

वजन एकशे चार किलो, गुडघे बोलू लागलेले, साखरेचा आजार जुनाच. त्याची गोळी ती रोज रात्री घेई. अशात भाचीनं राजधानीतून, बिश्केकहून, वजन उतरवायचं इंजेक्शन आणून दिलं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. दवाखान्यात हे सांगायची तिला लाज वाटली. भूक पार मेली. रात्री चार चमचे रस्साही उतरेना. गोळी मात्र चुकली नाही.

महिन्याभरात पहाटेची गादी ओलीचिंब होऊ लागली. तिनं शेगडी मंद केली, जाड रजई काढून सुती चादर घेतली, अंगाखाली पंचा अंथरला. काही उपयोग झाला नाही. मग स्वयंपाकघरात खुणा दिसू लागल्या. मुरंब्याची बरणी उघडी, चमचा चिकट, साखरेचे खडे निम्मे. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परगावी, दाराला आतून कडी.

तिनं शेजारच्या कानिशाय आजीला सांगितलं. म्हातारीनं चादर हातात घेतली, हुंगली आणि बाजूला ठेवली.

"ही आल्बार्स्ती, हडळच ती," ती हळूच म्हणाली. "झोपल्या बाईच्या छातीवर बसते. घाम नाही हा पोरी, तुझा जीव गळतोय."

तिनं खोलीत आर्चा या सुगंधी डोंगरी झाडाच्या डहाळ्यांची धुरी दिली आणि झोपताना जमिनीवर पीठ भुरभुरायला सांगितलं. जी येते तिचं पाऊल तरी कळेल.

सकाळी पिठात पावलं होती. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. रुंद, अनवाणी, आणि डाव्या पावलाला करंगळी नव्हती. बुरुलचाची करंगळी लहानपणीच हिमदंशानं गेली होती. पावलं भुताची असती तर ती इतकी भ्यायली नसती. ती पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. तळव्यांना पीठ लागलेलं होतं.

त्याच दिवशी ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टर मीरगुलना इंजेक्शनापासून पिठापर्यंत सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी साखर मोजायचं यंत्र दिलं, मध्यरात्रीनंतर गजर लावून मोजायला सांगितलं. त्या रात्री आकडा आला दोन पूर्णांक सात; तिथल्या मापात चारच्या खाली गेला की धोका.

डॉक्टरांनी समजावलं, की पोट रिकामं, गोळी पुरी आणि वर इंजेक्शन, त्यामुळे झोपेत साखर फार खाली जाते. गार घाम ही त्या उतरलेल्या साखरेची हाक. अशा ग्लानीत माणूस उठतो, खातो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही.

"कोणी येत नव्हतं ताई. तुमचंच शरीर तुम्हाला वाचवायला उठत होतं."

"आणि एखाद्या रात्री उठलं नसतं तर?"

डॉक्टरांनी तिची औषधांची चिठ्ठी पुढे ओढली आणि रात्रीच्या गोळीवर काट मारली.

पुढं इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीत चाललं. संध्याकाळी थोडं का होईना जेवायचं, उशाशी पाणी आणि दोन साखरेचे खडे ठेवायचे. घाम आठ-दहा दिवसांत ओसरला. वसंतापर्यंत चौदा किलो उतरले. न्हाणीघरात एखादी बाई कानाशी येऊन इंजेक्शनाचं विचारू लागली, की बुरुलचा आधी तिलाच विचारी, "डॉक्टरांना सांगितलंस का? आणखी कुठली गोळी घेतेस?"

कानिशाय आजी धुरीचंच श्रेय घेत राहिली. बुरुलचानं कधी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही. फक्त एकदा, चहा पिता पिता, ती आजीला म्हणाली, "जी रात्री उठून मला भरवायची, तिचा चेहरा मी पाहिलाच नाही. आता ती येत नाही, तर घर जरा जास्तच रिकामं वाटतं."

आजीनं तिची चहाची पियाली पुन्हा भरली.