अस्वलाचं पोपटी जाकीट

स्टेजवर वाघ ओरडत होता, "नाल्याचं पाणी कोणामुळे आटलं? अस्वलामुळे!" खाली पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून बसलेल्या सरपंचांचा चेहराही वाघासारखा होत चालला होता. मी पडद्याआड, तोंडात पिना धरून उभी.

मी अकोल्याला, जुन्या शहरात, एका ड्रेपरीत शिवणकाम करते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. बाळापूरकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगची ऑर्डर होती. नाटक तिथल्या सरांनीच लिहिलेलं. वाघ राजा होतो, बरोबरीच्या अस्वलाला जंगलाबाहेर हाकलतो आणि पुढं जे बिघडेल ते त्याच्याच नावावर टाकतो.

"अस्वलाले जाकीट पाह्यजे बाई, अर्जंट," सर म्हणाले होते. दुकानात निवडणुकीचे गमछेही शिवतो. त्यातलं पोपटी कापड उरलेलं होतं, तेच लावलं. फिटिंग इतकं छान आलं की मी स्वतःवरच खूष. ते गमछे त्याच गावातल्या पडलेल्या उमेदवाराचे होते. सरपंचांनी निवडून येताच त्याला गावच्या सगळ्या कमिट्यांवरून काढलं होतं. हे मला कोण सांगणार? मी माणसांशी बोलायला लाजते, कापडाशी बोलते. कापड काही बोललं नाही.

पोपटी अस्वल स्टेजवर येताच मागून कोणी ओरडलं, "अबे, हे तं आपले पडेल भाऊ!" टाळ्या पडल्या. मग वाघ कोण, हेही सगळ्यांना कळलं.

नाटक संपल्यावर सरपंचांनी सरांना धरलं. "मले वाघ केलं काहून?"

सर म्हणाले, "मी तं जंगल लिहिलं. कपडे शेठचे."

माझे शेठ म्हणाले, "मी फक्त भाड्यानं देतो. हे सारं या बाईचं."

माझ्या मागं नुसता पडदा होता.

"काही दिवस येऊ नको," शेठनी सांगितलं. मी घरी बसले. दुकानातली शकीला येता-जाता बातम्या द्यायची. राक्षसाची झिप तुटली, माझ्यामुळे. हरणाची शिंगं उंदरांनी कुरतडली, माझ्यामुळे. उंदीरही मीच पाळले असणार. आता दुसरं काम कुठं मिळेल, याच्या काळजीनं झोप उडाली.

एका सकाळी शेठच दारात. "चाल बाई, दुकानात."

"राग गेला का, शेठ?"

"रागाचं सोड. तुह्या जागी नवी बाई ठेवली. तिच्यावर काही ढकललं का थे पलटून भांडते. धंदा कसा करू मी?"

पगारवाढ मागायची हीच वेळ होती. तोंडातून निघालं, "चहा घेता का?"

मी परत गेले. आता कोणत्याही नाटकाचं माप घेण्याआधी मान खाली घालून का होईना, एवढं विचारते: प्रमुख पाहुणे कोण?