माशीच्या मिशीवरचा खड्डा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वाळवणकाका म्हणत. चोवीस वर्षं त्यांचं एकच काम, मेलेल्या माश्यांच्या मिशा वाळवायच्या. हसू नका, भल्याभल्यांना जमत नाही ते. ही घरातली माशी नव्हे; ही सुरवंटाच्या अंगावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्या बिचाऱ्याला आतून फस्त करतात. सुरवंट शोधायचा वासावरून, आणि माशीचं नाक म्हणजे या मिशा. त्यांच्यावर बारीक केस, मध्येमध्ये खड्डे, खड्ड्यांतही केस. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं दिसायचं तर मिशीतलं पाणी आधी हळूहळू काढावं लागतं. आधी सौम्य अल्कोहोल, मग जरा कडक, मग त्याहून कडक, असं चढत जायचं, प्रत्येक बाटलीत वीस मिनिटं. घाई केली की मिशी आक्रसून आत दबते, तिचे गाल बसलेच म्हणून समजा.

काकांनी एकदाच घाई केली. बायकोचा फोन आला, मेव्हणा स्टेशनवर येऊन उभा आहे. हा मेव्हणा म्हणजे दहा मिनिटं थांबावं लागलं तर दहा वर्षं ऐकवणारा. काकांनी मधल्या दोन बाटल्या वगळल्या, मिशी थेट सगळ्यात कडक अल्कोहोलात बुडवली आणि धूम ठोकली.

महिन्याभराने बाई नाचतच आल्या. बाई म्हणजे काकांच्या साहेब, वयाने लेकीएवढ्या.

"काका, हा खड्डा बघा. आजवर कुठल्याच माशीत कुणाला दिसलेला नाही. परवा शोधनिबंध छापायला पाठवतेय, आणि त्यात तुमचंही नाव घातलंय."

काकांनी फोटो पाहिला, खाली मिशी वाळवल्याची तारीख पाहिली. मेव्हणा आला तोच दिवस. खड्डा गुळगुळीत होता, आत एकही केस नव्हता. नाक कसलं आलंय, गाल बसले होते. गप्प राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव छापून आलं असतं. तासभर ते रिकाम्या बाटल्या पुसत बसले. मग उठून बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, तो खड्डा माशीचा नाही. माझ्या हातून पडलाय." आणि मेव्हण्यासकट सगळं सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या जातीची आता प्रयोगशाळेत एकच माशी शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काका तिच्यापाशी बसले, एकही बाटली वगळली नाही, जेवायलाही उठले नाहीत. दुपारी पडद्यावर मिशी उमटली. केस होते, नेहमीचे खड्डे होते. तो एक नव्हता.

बाईंनी निबंधातली तीन पानं काढून टाकली. मग म्हणाल्या, "काका, माझ्या दहा वर्षांच्या फोटोंत असे आणखी किती आहेत?"

"एकही नाही, बाई. एवढाच."

आता त्या जुन्या वह्या मागतील, तारखा तपासतील, चार शब्द सुनावतील, अशी काकांनी मनाची तयारी केली होती. बाई फक्त "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या, दुसऱ्या जातीच्या माशीची कुपी त्यांच्या हातात दिली. काकांनी ती टेबलावर ठेवली, सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि वीस मिनिटांचं घड्याळ लावलं.