मी नाच नाय आणला

दहावीच्या वर्षी मला गुणवंत विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा आमच्या कॉलनीत बरेच दिवस तोच विषय होता. कॉलनी म्हणजे नाशिकरोडच्या बाजूची बौद्ध कुटुंबांची वस्ती. कारकून, शिपाई, एक-दोन मास्तर. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, एका कचेरीत कारकून होते. मी शाळेत वक्तृत्वात पहिली यायचे, म्हणून माझी निवड झाली होती. आईने शेजारणीकडून लोकरीचा स्वेटर मागून आणला, कारण दिवस डिसेंबरचे होते आणि मेळावा निवासी होता. नाशिकच्या मुलांनीसुद्धा तिथंच राहायचं, असा नियम होता.

मेळावा पंचवटीतल्या एका शाळेत होता. वर्गातली बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलींच्या खोलीत मी पोचले तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या होत्या. दाराजवळ वारा येत होता, तिथं एक मुलगी बसलेली होती आणि तिच्या शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. मी तिच्या बाजूला वळकटी टाकली.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"चाक," ती म्हणाली. "पाण्याचं."

ती हरसूलकडच्या एका पाड्यावरची होती, आश्रमशाळेत शिकणारी. माझ्याच इयत्तेत, पण अंगाने माझ्या निम्मी. तिने गोणपाट सोडून दाखवलं. बांबूच्या कामट्यांचं चाक, परातीपेक्षा मोठं, आणि त्याच्या कडेला बांबूच्याच पेरांचे छोटे पेले तिरके बांधलेले. ओढ्यात ठेवलं की ओढाच त्याला फिरवणार, पेले खाली भरणार आणि वर जाऊन पन्हळीत ओतणार.

"आमचा पाडा वर हाय, ओढा खाली. बाया हंडा घेऊन चढतात. माझी आई चढताना पडली, तवापासून तिला वाकता येत नाय."

"मग हे चाक पाणी पाड्यापर्यंत नेईल?"

"नाय. चाक जेवढं उंच, तेवढंच पाणी चढतं. पाडा लय वर हाय. पण मधी टाकं बांधलं तर तेवढी चढण वाचंल."

मी भाषणांत मोठमोठी वाक्यं म्हणत असे. विज्ञान सर्व प्रश्न सोडवील, असलं काही. चढण थोडी वाचेल, असं मोजून-मापून बोलणारं मी कुणी ऐकलं नव्हतं. मला ती त्याच क्षणी आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विज्ञानाचं प्रदर्शन होतं. तिला जागा मिळाली व्हरांड्याच्या टोकाला, नळापासून सगळ्यात लांब. वाहतं पाणी कुठून आणायचं? आम्ही बादली आणि तांब्या मिळवला. मी बाकावर उभी राहून वरून धार सोडायची, चाक फिरायचं, आणि पेल्यांतून पाणी पत्र्याच्या पन्हळीत पडायचं. माझा मागून आणलेला स्वेटर भिजला. बोटं गारठली. पण चाक इतकं सुरेख फिरत होतं, की आम्ही दोघी उगाचच हसत होतो. त्या सगळ्या मेळाव्यातली माझी चांगली आठवण तेवढीच.

परीक्षक आले. एकाने विचारलं, "कोणी करून दिलं?"

"मीच केलं."

"सरांनी सांगितलं असेल ना?"

"सरांनी बघितलं. केलं मी."

परीक्षकांनी मान हलवली आणि ते शेजारच्या टेबलाकडे गेले. तिथं शहरातल्या एका शाळेने धरणाचा देखावा केला होता, बटण दाबलं की दिवे लागायचे. सगळी गर्दी तिथंच होती. पुन्हा कुणी येईल म्हणून तिने मला धार थांबवू दिली नाही. बादली भरून भरून आणली. जेवणाची घंटा झाली तरी आम्ही तिथंच होतो.

मुलींची व्यवस्था बघायला एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही. थंडी होती म्हणून त्यांनी आम्हाला स्वतःच्या घरून शाल आणून दिली होती, आमच्या ताटात आग्रहाने वाढलं होतं. त्या दुपारी खोलीत आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमात तुझं आदिवासी नृत्य ठेवलंय हं. पाहुणे खास बघायला थांबणार आहेत."

"मला नाय नाचता येत," ती म्हणाली.

बाई हसल्या. "असं कसं? तुमच्याकडे तर सगळेच नाचतात."

"नाचतात. सगळे मिळून, हातात हात धरून. एकटं कोणी नाय नाचत. आन् मला नायच येत."

"अगं, तुझ्या कलेचं कौतुकच करतोय ना आम्ही? लाजू नकोस."

तिच्याबरोबर आलेले सर अगदी तरुण होते, नुकते नोकरीला लागलेले. ती त्यांच्याकडे गेली, मी मागे उभी होते. सर खाली बघत म्हणाले, "एवढे म्हणतायत तर कर थोडं काहीतरी. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी आपल्या शाळेला बोलावणार नाहीत." त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नसावं. ते लगेच चहाच्या बाजूला निघून गेले.

संध्याकाळी आधी माझं भाषण झालं. निवेदकांनी माझी ओळख करून दिली, "अत्यंत बिकट परिस्थितीतून, अंधारातून प्रकाशाकडे आलेली ही मुलगी." समोर दादा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मुद्दाम रजा टाकून आलेले. आमच्याकडे रेडिओ होता. रोज वर्तमानपत्र यायचं, आणि ते दादा मला मोठ्याने वाचायला लावायचे. अंधार कुठला, ते मला कळेना. मी दादांकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली होती. मी पाठ केलेलं भाषण केलं. टाळ्या भरपूर पडल्या.

मग तिचं नाव पुकारलं. बाईंनी तिला कुणाची तरी हिरवी साडी गुडघ्यापर्यंत उंच नेसवली होती, केसांत झेंडूची फुलं खोवली होती. ती मंचावर आली. खाली एक मुलगा ढोल वाजवत होता. ती उभी राहिली. ढोल वाजत राहिला, ती उभीच. मग ती चालत माइकपाशी गेली आणि म्हणाली,

"मी नाच नाय आणला. मी पाण्याचं चाक आणलंय. ते तिकडं व्हरांड्यात हाय. कोणाला बघायचं असंल तर मी दाखवते. चाकाला पेले हायत, ते..."

सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच विनोद आहे. विंगेतून बाईंनी घाईने हात केला, कुणीतरी माइक बंद केला आणि रेकॉर्ड लावली. लेझीमची की कसली, आता आठवत नाही. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ती पेल्यांचंच सांगत होती, हाताने गोल करून दाखवत होती. आणि त्या गोल फिरणाऱ्या हातांना लोक रेकॉर्डच्या ठेक्यावर टाळ्या देऊ लागले. ते कळलं तेव्हा तिने हात खाली घेतले. गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग नमस्कार करून उतरली.

खोलीत आल्यावर तिने साडीची नीट घडी केली आणि बाईंच्या पिशवीवर ठेवली.

"तू चांगली बोललीस," मी म्हणाले.

"कोणी ऐकलं?"

"मी ऐकलं."

"तुला तर आधीच ठाऊक होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

शेवटच्या दिवशी बक्षिसं वाटली. मला वक्तृत्वात दुसरं मिळालं. विज्ञानात धरणाला पहिलं. तिला उत्तेजनार्थ, लोकनृत्यासाठी. तिने जाऊन ते घेतलं. मी रागाने रडायला लागले, तर मला न्यायला आलेले दादा म्हणाले, "इथं नको. घरी जाऊ, मग रड." घरी गेल्यावर रडू आलं नाही. कॉलनीतल्या लोकांनी पेढे वाटले, आणि मी सगळ्यांना मेळावा छान झाला असंच सांगितलं.

पुढे मी डी.एड. केलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आणि नेमणूक आली ती हरसूलच्या बाजूलाच. पहिल्या आठवड्यातच मी आश्रमशाळेत चौकशी केली. सरांची बदली झाली होती. त्या मुलीचं कुणालाच आठवत नव्हतं.

ती मला भेटली बाजाराच्या दिवशी. रस्त्याच्या कडेला बायाबापड्या बोचकी घेऊन ट्रकची वाट बघत बसल्या होत्या, द्राक्षाच्या मळ्यावर कामाला जायला. त्यांत ती होती. कडेवर मूल होतं. मी ओळखलं ते तिच्या बोलण्यावरून. बोचकी कशी रचली म्हणजे ट्रकमध्ये जागा उरेल, ते ती दुसऱ्या बाईला सांगत होती.

मी ओळख दिली, इथल्याच शाळेत शिकवते म्हणून सांगितलं. तिने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बाई झालात," ती म्हणाली.

"मला तुम्ही काय म्हणतेस?"

"बाई झालात ना," ती पुन्हा म्हणाली. अहो-जाहो तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

दहावीला ती इंग्रजीत गेली. पुन्हा फॉर्म भरायचा म्हणेपर्यंत लग्न झालं. आधीचं एक मूल तापात गेलं, हे दुसरं. आई केव्हाच गेली होती. हे सगळं तिने बोचक्याची गाठ आवळता आवळता सांगितलं.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलंच. "चाक पुन्हा कधी केलंस?"

"केलं ना. मोठं केलं, नवऱ्याच्या गावाला. पाणी चढलं. सगळे बघायला आले." क्षणभर तिचा चेहरा उजळला. "पावसात ओढा आला, घेऊन गेला."

"मग परत नाही बांधलंस?"

"एकटीनं नाय होत, बाई. बांबू तोडायला, धरायला माणसं लागतात. पाणी आटायला लागतं तवा माणसं इथं नसतात. द्राक्षाला जातात. मी पन जाते."

मी म्हटलं, परत आलीस की माझ्या शाळेत ये, मुलांना सगळं समजावून सांग, मी बांबू आणून ठेवते. ती हसली. नाही म्हणाली नाही. तेवढ्यात ट्रक आला. मूल तिने आधी वर कुणाच्या तरी हातात दिलं, मग स्वतः चढली. वरून म्हणाली, "सावलीला जा, बाई. ऊन लागंल."

काम संपवून माणसं परत आली, तेव्हा मी तिची वाट बघितली. ती आली नाही. तिच्या गावच्या एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, त्या नवरा-बायकोला मळ्यावरच ठेवून घेतलंय, खोली दिलीय, आता ती काय येत नाय. कुठला मळा, ते तिला ठाऊक नव्हतं. पुढल्या वर्षी माझीही बदली झाली, सिन्नरला.