शनिवारचा बिघाड

अमेरिकेतल्या लॉवेल गावचा आर्मंड थिबोडो अख्खा हिवाळा युनिक्सवर चालणारं एक जुनं संगणकयंत्र दुरुस्त करत होता, आणि ते दुरुस्त होऊ नये म्हणून त्याला बरेच कष्ट घ्यावे लागत होते.

यंत्र व्हर्नन क्रॉकेटचं. दोघं एकाच कंपनीत होते. व्हर्नन असली यंत्रं विकायचा आणि आर्मंड गावोगाव फिरून ती चालू करून द्यायचा. कंपनी केव्हाच बुडाली, दोघं म्हातारे झाले. मग व्हर्ननला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात हे धूड दिसलं. "एकदा पडदा उजळलेला बघू दे, मग घरी नेतो," म्हणत त्याने ते आर्मंडच्या तळघरात आणून आदळलं.

यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. त्या जातीचा स्वभावच तसा. सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर समोर माणूसच नाही असं ते धरून चालतं आणि जे सांगायचं ते पाठीमागच्या खाचेतून सांगत बसतं. तिथे तार जोडून कुणी ऐकत असेल तर ठीक. पडदा आपला काळाठिक्कर. कीबोर्डच्या तारेची यंत्रात बसणारी खुंटी सैल आहे, हे आर्मंडला पहिल्याच दिवशी कळलं. त्याने ती दाबली, यंत्र पुन्हा सुरू केलं, पडदा लख्ख उजळला. आता व्हर्नन हे उचलून नेणार, असं मनात आलं आणि त्याने खुंटी हळूच परत सैल केली.

कारण त्या मुलखात पुरुषमाणूस दुसऱ्याकडे नुसता जात नाही. शिडी मागायला जाईल, बर्फ उपसायला जाईल, मोटारीच्या पोटात डोकं घालायला जाईल. पण 'सहज आलो' म्हणाला, तर लोक त्याच्या मुलीला फोन करून तब्येत विचारतील. आणि बायको सेसिल वारल्यापासून आर्मंडच्या दाराशी टपालवाल्याखेरीज कुणी फिरकत नव्हतं.

म्हणून शनिवार. दर शनिवारी व्हर्नन दुरुस्ती कुठवर आली ते बघायला यायचा.

"केबल बदललीस?" व्हर्नन विचारी.

"बदलली."

"दुसरा पडदा लावून बघितलास?"

"तोही लावला."

"तू मेकॅनिकच होतास ना रे? की कंपनीने तुला दयेपोटी ठेवला होता?"

"तू गिऱ्हाइकाला थापा मारायचास आणि मी त्या खऱ्या करून द्यायचो. दया कुणी कुणावर केली?"

व्हर्नन खोकेपर्यंत हसायचा. काळ्या पडद्यासमोर संध्याकाळ छान जायची.

मार्चमधल्या एका शनिवारी व्हर्नन बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तिथूनच म्हणाला, "हे सैल आहे की रे!" त्याने खुंटी दाबली, बटण बंद करून चालू केलं. पडदा उजळला.

कुणीच टाळी वाजवली नाही.

"आर्मंड, गिऱ्हाइकाचा फोन आला की मी पहिलं काय विचारायचो?"

"कीबोर्ड नीट बसलाय का."

"मी, नुसता विकणारा माणूस, हे विचारायचो. आणि तू मेकॅनिक."

"हं." आर्मंडचे कान लाल झाले होते.

व्हर्ननने तारा गुंडाळल्या. दोघांनी मिळून यंत्र गाडीत ठेवलं आणि गाडी गेली.

पुढच्या शनिवारी आर्मंडने दोनदा नंबर फिरवून अर्ध्यात सोडला. तिसऱ्यांदा व्हर्ननने उचललाच.

"यंत्र बंद पडलं का?" आर्मंडने आशेने विचारलं.

"छे, मस्त चाललंय. तुझ्याकडे काही बिघडलंय?"

आर्मंडने स्वयंपाकघरभर नजर फिरवली. फ्रिज, हीटर, नळ, सगळे मेले धडधाकट.

"नाही. काहीच बिघडलेलं नाही. बीन्स भाजायला ठेवलेत, एकट्याला जास्त होतात."

"मग आपण करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. त्या मुलखात अशा गप्प बसण्याचा अर्थ बहुतेक 'नाही' असा असतो. क्वचित, माणूस गाडीची किल्ली शोधत असतो. आर्मंड रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला.