मेणाच्या पायाचा अंगठा

लिंबू सरबतात आणि मिरची खरड्यात... आमच्या घरात यांचा दुसरा उपयोग कधी झाला नाही. भुताखेतांच्या, नवसाच्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहतो. गेल्या हिवाळ्यात आई, आप्पा आणि मी गाडी काढून आंबोलीमार्गे कोकणात उतरलो. आईनं साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. त्यात तिचे गुडघे धरलेले. आणखी थांबलो तर राहूनच जाईल, हा आप्पांचा हट्ट.

आयुष्यभर कापशी चप्पल घालणारे आप्पा या वेळी बूट-मोजे चढवून निघाले. "काय पावणं, सासरी चाललाय व्हय?" मी चिडवलं. ते हसत गाडीत बसले. आरवलीला आम्ही वेतोबाच्या देवळात गेलो, तर हे बाहेरच. "तुमी या जाऊन. मी हाय गाडीपाशी." शिरोड्याच्या किनाऱ्यावर आई निऱ्या वर धरून लाटांत उभी, लहान पोरीसारखी हसतेय... आणि आप्पा लांब सुरूच्या सावलीत, बुटांसकट! मला रागच आला त्यांचा.

दुसऱ्या दिवशी गोव्यात एका जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथं बूट काढावे लागत नाहीत, म्हणून आप्पाही आत आले — हे मला तेव्हा कळलं नाही. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळं विकायला होती. ज्याचं जे दुखतं, ते अर्पण करायचं. आईचा डावा गुडघा जास्त दुखायचा, म्हणून तिनं डावा पाय घेतला. वेदीपाशी पिशवीतून काढला, तर अंगठा मोडलेला.

"खंडित देवाला चालत न्हाय," आई म्हणाली. "आपला देव असू दे, न्हायतर त्यांचा."

मी बाहेर जाऊन दुसरा डावा पाय आणला. सगळी बोटं नीट बघून घेतली, ओढणीवर दोन्ही हातांत धरून आणला. आईला दिला... अंगठा नव्हता. ओढणी झटकली, फरशी पाहिली, आल्या वाटेनं परत जाऊन आले. तुकडा कुठंच नाही.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. ते बाकावर बसले, डावा बूट काढला, मग मोजा. अंगठा काळा पडला होता. वास येत होता.

"शुगरमुळं दुखतच न्हवतं गं," ते खाली बघत बोलले. "सांगितलं असतं तर हिनं निघूच दिलं नसतं. हिचा समुद्र ऱ्हायला असता की."

"तुमचा पाय घालवून समुद्र बघायचा व्हता व्हय मला?" आई तिथंच रडायला लागली.

तसेच माघारी फिरलो. कोल्हापुरात अंगठा काढावा लागला, पण पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्यातून काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पहिला पाय पिशवीत दबला असेल, मान्य. पण दुसरा? तो तर माझ्याच हातात होता.

आईचे गुडघे होते तसेच आहेत. ते दोन्ही मेणाचे पाय तिनं घरी आणले. खंडित चालत नाही म्हणणाऱ्या माझ्या आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलेत... रोज हळदकुंकू आधी त्यांना लावते, मग देवांना.