अक्षतांवर बसलेला फोकस

जुन्या झूम लेन्सच्या बुरशीच्या वासाने दिंडोरीतलं एक लग्न आठवतं. नवरीच्या आजारी वडिलांना मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. "भाऊ, अक्षता टाकताना पोरीसंगं माझा फोटो घ्या. लय दिवस नाय आता," ते म्हणाले. "नाना, नवी लेन्स आहे, आपोआप फोकस करते," मी ऐटीत सांगितलं. अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, लेन्स घरघरली आणि मी बटण दाबलं. रोल धुतल्यावर हवेतले तांदूळ स्वच्छ दिसले, मागे बापलेक धूसर. वडील गेल्यावर अल्बम न्यायला आलेल्या मुलीने फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हसतायत ना ते?" मी "हो" म्हणालो. खरं तर त्या क्षणी मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता माझ्या मुलीचं लग्न ठरलंय आणि तो "हो" मला रोज ऐकू येतो.