गाण्याची राहिलेली कडवी

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात, आई लोकांच्या शेतात निंदणीला जाते. लिहिणं हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, असं या ओळी लिहितानाही वाटतं आहे. शिवाय ही गोष्ट माझी नाहीच. ती एका म्हाताऱ्या बाईंची आहे आणि त्यांना न विचारता मी ती सांगतो आहे. वाचकांनी तेवढं माफ करावं.

मी शिकायला राजधानीत आलो होतो आणि मुनिरक्यात खोली घेऊन राहत होतो. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की हातभर अंतरावर पलीकडची भिंत. रविवारी मराठी जेवणासाठी मी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात जायचो. तिथे एकदा समोर बसलेल्या गृहस्थांनी माझं बोलणं ऐकून गाव विचारलं. ते केंद्र सरकारात अधिकारी होते, आर. के. पुरमला क्वार्टरमध्ये राहत. म्हणाले, घरी आई आहे, निवृत्त नर्स. मुलं तिला हिंदीत उत्तरं देतात, दुपारभर ती गप्प असते. जमेल तेव्हा येऊन पेपर वाचून दाखवशील का?

मी जाऊ लागलो. त्यांना मी काका म्हणायचो आणि त्यांच्या आईंना आजी.

आजी ख्रिस्ती होत्या. मराठवाड्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या होत्या. तिथल्या मुख्य धर्मभगिनी आयर्लंडच्या, सगळ्या मुली त्यांना मदर म्हणायच्या. रात्रपाळीत मदर आपल्या आयरिश भाषेतलं एक गाणं गुणगुणायच्या. आजींनी ते नुसत्या कानांनी उचललं होतं. अर्थ मदरनीच सांगितलेला: पुलापर्यंत मी तुझ्याबरोबर येते, टोपलीत भाकरी ठेवली आहे, वारा समोरून आहे, मागे वळून पाहू नकोस.

"आयर्लंडात भाकरी कुठली, आजी?" मी एकदा विचारलं.

"मग काय झुणका होता म्हणू? तू पेपर वाच."

पुढे बाळंतिणींच्या वॉर्डात कुणाचं मूल रडायला लागलं की आजी हेच गाणं म्हणत. काकांच्या बारशालाही पाळणा म्हणून त्यांनी हेच म्हटलं होतं. पण चार ओळी झाल्या की आजी थांबत. पुढची कडवी मदरनी म्हटली असणारच, आपणच विसरलो, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं. तेव्हा त्यात दुःखाचं काही नव्हतं. कामाच्या धबडग्यात माणूस विसरतो.

त्या हिवाळ्यात मात्र ते गाणं घरातल्या प्रत्येक बोलण्यात येऊ लागलं. आजी गॅसवर दूध ठेवून विसरल्या, पातेलं जळलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. काकांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. आजींना ते सांगता आले नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या, शब्दांचं राहू द्या, मी तुम्हाला तरुणपणचं गाणं म्हणून दाखवते. चार ओळी म्हटल्या आणि अडल्या. पुढचं येईना. डॉक्टरांसमोर त्या रडल्या. हे मला काकांनी सांगितलं, जिन्यात, हळू आवाजात.

काका-काकू दोघंही ऑफिसला जाणारे. नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमाची चौकशी सुरू झाली. काका वाईट माणूस नव्हते. दुपारी ऑफिसातून दर थोड्या वेळाने फोन करून ते गॅस बंद आहे ना विचारत.

"आई, तुला कडवी आठवत नाहीत, मान्य कर ना यार," ते एकदा माझ्यासमोरच म्हणाले.

"विसरले नाहीये. कुठेतरी ठेवलंय," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू शोध. कडवी सापडली की मी पाठ करून त्या डॉक्टरला म्हणून दाखवते. मग बघू मला कोण नाशिकला पाठवतं."

मी शोधायला लागलो. मदरचं गाणं म्हणजे देवाचंच असणार, असं धरून आधी चर्चच्या गाण्यांत शोधलं आणि त्यात बराच वेळ गेला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आयर्लंडवरची पुस्तकं होती, पण त्यांतली गाणी इंग्रजी होती. आयरिश भाषेचे उच्चार रोमन लिपीत कसे लिहितात हे मला कळेना. लिहिलेलं वेगळंच, म्हणायचं वेगळंच. शेवटी आजींचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. दुसऱ्या ओळीत खालच्या मजल्यावरच्या स्कूटरचा आवाज आला होता, तरी त्यांनी परत म्हणायला नकार दिला. म्हणाल्या, परत म्हटलं आणि हेही गेलं तर?

तो आवाज मी वडिलांना पाठवला. त्यांनी ती धून क्लॅरनेटवर वाजवून पाहिली आणि फोन केला.

"धून अर्धी आहे रे. वर चढतच नाही. अंतऱ्याला चाल वर जायला पाहिजे, मग परत खाली धृपदावर. हे नुसतं धृपद झालं."

मला ते पटलं. आजींनाही पटलं. गाणं म्हटलं की धृपद आणि त्यामागे कडवी. आमच्या गावात भजन असो, बँडची फर्माईश असो, याहून वेगळं गाणं मी ऐकलेलं नव्हतं. वडिलांनी सांगितलेलं मी काकांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली. आजी विसरल्या आहेत, याची तीही एक खात्री झाली.

इंटरनेटवर जुनी लोकगीतं शोधणाऱ्यांचं एक पान होतं. तिथे मी आजींचा आवाज टाकला. खाली माझ्या तुटक इंग्रजीत लिहिलं की गाणाऱ्या आजींना वयामुळे पुढचं आठवत नाही, कृपया नाव आणि राहिलेली कडवी कळवा. एकाने लिहिलं, आवाज सुंदर आहे. बाकी कुणी काही लिहिलं नाही. मी रोज बघायचो. आजी दारातच विचारायच्या, "आलं?" मी नाही म्हटलं की पेपर पुढे करायच्या. मग विचारायच्या बंद झाल्या.

उन्हाळ्याच्या सुटीत काका त्यांना नाशिकला सोडून आले. मी स्टेशनवर गेलो होतो. आजींनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. "पोटाला खात जा. नुसता फोन चावत बसतोस." गाडी हलायला लागल्यावर मला वाटलं त्या गाणं म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत.

तिथून त्या फोनवर बोलायच्या. एकदा म्हणाल्या, आता शोधू नकोस, मी म्हणणं सोडलंय. जेवढं येतं तेवढं म्हटलं की पुढचं न येणंच ठळक होतं. नंतर फोनवर त्यांना माझं नाव आठवेना. दिवाळीच्या सुमारास काकांनी सांगितलं, आता ती फोन हातात घेत नाही. काकूंनी चहा आणला. बैठकीत आजींची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर धुतलेले कपडे होते.

थंडी सुरू झाली तेव्हा त्या पानावर उत्तर आलं. लिहिणारे आयर्लंडमधले एक निवृत्त शिक्षक होते. उशिराबद्दल त्यांनी माफी मागितली होती. हे गाणं त्यांच्या आजीच्या गावचं, पुस्तकात कुठे नाही. त्याला नाव असं नाही, पण गावात त्याला 'पुलापर्यंत' म्हणतात. कुणी कायमचं परदेशी निघालं की घरच्या बायका पुलापर्यंत पोचवायला जात आणि हे म्हणत. पुलावर थांबत. जाणारा पुढे जाई, बायका तिथेच गप्प होत.

खाली त्यांनी लिहिलं होतं: राहिलेली कडवी तुम्ही विचारता, ती नाहीत. गाणं चारच ओळींचं आहे. तुमच्या आजी काहीही विसरलेल्या नाहीत.